समजासाहेब

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चौबळांनी दारात चप्पल काढून सरळ रेषेत ठेवली, नमस्कार केला, देवघरापासून टीव्हीपर्यंत सावकाश नजर फिरवली आणि म्हणाले, "छान घर आहे. आता समजा, हे सगळं जळालं."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येत होती, ती तशीच आत वळली. पाणी त्यांना मिळालंच नाही. संध्याकाळी तिने मीठ-मोहऱ्या ओवाळून घराची दृष्ट काढली आणि मला बजावलं, "त्यो मानूस परत हितं आनायचा न्हाय. धंद्याचं काय हाय ते शेडवर बोला."

चौबळ विम्याचे ब्रोकर. आयुर्विमा नाही, आग, पूर, चोरी, मशिनरी असला धंद्याचा विमा. "माणूस मेल्यावर बघायला पुष्कळ लोक आहेत," असं ते सांगत, "मी धंदा मेल्यावर येतो." उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणबंद. खांद्याला कापडी पिशवी आणि तिच्यात टॉर्च, मोजायची टेप आणि पॉलिसींच्या फायली. भिवंडीत कामतघरपासून निजामपुऱ्यापर्यंत लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागवाल्यांच्या गल्ल्यांत त्यांना चौबळ या नावाने कोणी ओळखत नसे. सगळ्यांसाठी ते समजासाहेब.

मी कोन गावचा पाटील. वडिलोपार्जित शेती रस्त्यात आणि गोदामांत गेली, तिच्या बदल्यात हातात आलं त्याचे मी कामतघरला बारा लूम टाकले. भात पिकवणाऱ्या घराण्यातला मी पहिला कारखानदार. 'कारखानदार' हा शब्द मी स्वतःच वापरतो. बायको 'पत्र्याची शेड' म्हणते. मला धंद्यातलं सगळं कळतं असा माझा समज होता आणि तो दूर करायचं काम पुढे चौबळांनी केलं, तेही पैसे न घेता.

शेडमध्ये आले की ते आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डाला नाक लावत. खरोखरच लावत. कुत्रा खांबाला लावतो तसं. मग मान वर करून पत्र्याला लोंबणाऱ्या रुईकडे बघत. लूम चालले की सुताची रुई उडते आणि वर जाऊन जाळ्यासारखी बसते. ती बघून ते हळहळत आणि माझ्या सर्वांत जुन्या कारागिराला, इस्माईलचाचांना विचारत, "चाचा, समजा यहाँ से चिंगारी निकली, तो आप किधर से भागेंगे?"

चाचा मागावरून नजर न हलवता म्हणत, "साहब, पहले ये बताओ, आप किधर से आए?"

लग्नातही हेच. माझ्या पुतणीच्या हळदीला मी त्यांना बोलावलं, कारण बोलावलं नसतं तर वाईट दिसलं असतं. आमच्याकडची हळद म्हणजे अख्खं गाव, डीजे आणि मांडवभर दिवे. मी त्यांची ओळख नवऱ्या मुलाच्या वडिलांशी करून दिली. चौबळांनी हात जोडले आणि विचारलं, "समजा मांडव पेटला, तर सिलिंडर कुठल्या बाजूला आहेत?" व्याह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. नंतर अख्खी हळद होईपर्यंत चौबळ मेन स्विचच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. हातात जेवणाचं ताट, मांडीवर पिशवी. डीजेवाल्याने आवाज वाढवला की एका हाताने वायर चाचपून बघायचे आणि मग पुढचा घास घ्यायचे.

त्यांच्याबद्दल माझी एकच तक्रार होती आणि ती मला फार बुद्धिमान तक्रार वाटायची. मी त्यांना विचारलं होतं, "चौबळसाहेब, तुमची फी किती?"

"तुमच्याकडून काही नाही. तुम्ही हप्ता भरता, त्यातलं ठरलेलं ब्रोकरेज मला कंपनी देते. मी नसलो तरी तुमचा हप्ता काही कमी होणार नाही."

"म्हणजे तुम्ही कंपनीचे."

"कंपनीचा तो एजंट. मी चार कंपन्यांकडे तुमचं काम घेऊन जातो, कोण काय देतं ते बघतो, त्यांच्याशी भांडतो. मी तुमचा."

"पैसे तिचे आणि माणूस माझा?"

"पाटील, लग्नात भटजीला दक्षिणा मुलीचा बाप देतो," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून मंत्र काय फक्त मुलीलाच लागतात?"

उत्तर बिनतोड होतं, पण पटलं नाही. ज्याचं मीठ खातो त्याचंच माणूस गातो, हे आमच्या आजोबांनी आम्हाला शिकवलं होतं. शेजारच्या शेडवाला बाळाराम तर उघडच म्हणायचा, "अरे, वेळ आली की समजासाहेब कंपनीच्या मांडीवर जाऊन बसतो का न्हाय ते बघ."

आग लागायच्या आदल्या वर्षी आमचं मोठं भांडण झालं. इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. माझ्या शेडमध्ये लूम माझे, वीजबिल माझं, कारागिरांचे पगार माझे. पण सूत माझं नाही आणि कापडही माझं नाही. सूत मेहताशेठ देतात, आम्ही विणून देतो, मीटरमागे मजुरी घेतो. भिवंडीतल्या बहुतेक शेडचं असंच. माल शेठचा, पण आपल्या पत्र्याखाली असेपर्यंत जबाबदारी आपली. हे कुठे लिहिलेलं नसतं. सगळ्यांना माहीत असतं.

तर विमा नव्याने काढायच्या वेळी बाळारामच्या मेहुण्याने, जो एजंट होता, मला बराच कमी हप्ता सांगितला. मी तो कागद मोठ्या ऐटीत चौबळांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"हे स्वस्त नाही पाटील. हे कमी आहे."

"म्हणजे?"

"यात लूम भंगाराच्या भावाने धरलेत."

"मी घेतलेच होते किलोवर. जुने लूम किलोवरच मिळतात."

"जळाल्यावर तुम्ही काय आणणार? लूम की किलो?" त्यांनी पिशवीतून आपला कागद काढला. "आणि दुसरं. यात फक्त तुमच्या मालाचा विमा आहे. तुमचा माल म्हणजे ऑफिसातली खुर्ची आणि चाचांचा चहाचा कप. मी यात एक ओळ जास्तीची घालून घेतली आहे. दुसऱ्याचा, पण तुमच्या भरवशावर ठेवलेला माल."

"शेठच्या मालाचा हप्ता मी का भरू? त्याला चार बंगले आहेत."

"समजा, जळालं—"

"नाही जळत," मी म्हणालो. मग कारखानदाराला शोभेल अशा आवाजात आणखी एक गोष्ट म्हणालो. "असं करा, तुमच्या ब्रोकरेजमधले थोडे मला परत द्या, मग बघू."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते केलं तर गुन्हा होतो. मला तुरुंगाचं भय नाही, तिथे आग विझवायच्या बादल्यांत वाळू वेळच्या वेळी भरतात असं ऐकलंय. पण ते बरोबर नाही."

मी त्यांना जायला सांगितलं. अगदी शब्दांत, "निघा आता." ते निघाले नाहीत. सूत गुंडाळायच्या एका रिकाम्या बीमवर बसून राहिले. सकाळची शिफ्ट संपली, मी घरी जेवून आलो, ते तिथेच. त्यांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. शेवटी इस्माईलचाचा लूम बंद करून माझ्याकडे आले. "सेठ, दस्तखत कर दो. ये आदमी यहाँ मर गया तो उसका बीमा कौन भरेगा?"

मी सही केली. माझ्या आयुष्यातला हा एकच शहाणा निर्णय आणि तोही मी घेतला नाही.

सही झाली म्हणून सुटका झाली नाही. महिन्याच्या महिन्याला मेहताशेठकडून आलेल्या सुताचं चलन आणि गेलेल्या कापडाचं चलन, दोन्हींचे फोटो त्यांना पाठवायचे. एखादा महिना चुकला की फोन: "पाटील, समजा आजच जळालं, तर मी काय दाखवू?" मी शिव्या घालत फोटो पाठवायचो. शिव्या अर्थात फोटो गेल्यावर.

होळीच्या चार दिवस आधी, सकाळी अकराच्या चहाला कारागीर बाहेर उभे असताना मागच्या कोपऱ्यातून धूर निघाला. रुईने पेट घेतला की ती जळत नाही, धावते. मी घरून पोचेपर्यंत अर्धा पत्रा खाली आला होता. बंबाच्या पाण्याने उरलेल्याचाही लगदा झाला. बारातले सात लूम काळे पडलेले, आणि दुसऱ्या दिवशी शेठकडे जायचे म्हणून थप्पी मारलेले कापडाचे तागे म्हणजे नुसती राख.

चौबळ स्कूटरवरून आले तेव्हा दुसरा बंब वळत होता. मला वाटलं, आता 'समजा' संपलं, हा मला बोलून दाखवणार. त्यांनी विचारलं, "माणसं मोजली का?"

मी मोजली नव्हती. त्यांनी मोजली. एकेकाच्या दंडाला हात लावून, दोनदा. सगळे होते. मग त्यांनी पिशवी उघडली, फोटो काढले, तिथूनच कंपनीला कळवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "नुकसान मोजायला सर्वेअर येईपर्यंत एक चिंधी हलवायची नाही."

संध्याकाळी मेहताशेठचा फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड. "पाटील, जान बची, अच्छा हुआ. माल का हिसाब आराम से करेंगे." आराम से याचा अर्थ मला माहीत होता. उरलेले पाच लूम आणि कोनचं घर विकलं असतं तर तो हिशोब मिटला असता.

दुसऱ्या दिवशी सर्वेअर यायच्या आधी बाळारामने मला बाजूला घेतलं. "माल कोनाचा विचारला तर तुझाच सांग. शेठचा बोललास तर बोलतील, तुझं काय जळालं? एक दमडी न्हाय मिळनार. सगळे असंच सांगतात."

मला ते इतकं पटलं, की मी चौबळांना विचारलंदेखील नाही. कंपनीच्या पैशावरचा माणूस. त्याला काय विचारायचं?

सर्वेअर साहेब तरुण होते, डोक्याला हेल्मेट, हातात पॅड. राखेतून फिरले, लूम मोजले, आणि ताग्यांच्या ढिगापाशी थांबून त्यांनी विचारलं, "हा माल कोणाचा?"

"माझा," मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो. "सगळा माझाच."

"साहेब, हे खोटं बोलतायत," मागून आवाज आला.

चौबळ.

सर्वेअरचं पेन थांबलं. बाळारामने माझ्याकडे असं बघितलं की जणू पैज जिंकला. माझे कान तापले. मनात म्हटलं, बघा, भटजी शेवटी मुलीच्या बापाचाच निघाला. इतकी वर्षं माझा चहा प्यायला आणि ऐन वेळी माझाच गळा धरला.

"माल ह्यांचा नाही," चौबळ पुढे म्हणाले. "एक मीटरसुद्धा नाही. हे मजुरीवर विणतात. त्या कोपऱ्यातलं अर्धं जळालेलं लेबल बघा, मेहताशेठच्या पेढीचं आहे. तुम्हाला ते दहा मिनिटांत सापडलंच असतं, आणि मग ह्यांचं कुठलंच बोलणं तुम्ही खरं धरलं नसतं. लूमचंसुद्धा."

"मग प्रश्नच मिटला," सर्वेअर म्हणाले.

"मिटला नाही. पॉलिसीचं पान अकरा काढा. खालून तिसरी ओळ."

सर्वेअरनी वाचली. पुन्हा वाचली. चौबळांनी तोवर पिशवीतून फाईल काढली होती. दहा महिन्यांची चलनं, आलेलं सूत, गेलेलं कापड, दर महिन्याला तारखेनिशी. किती माल शेडमध्ये होता ते कोणीही शाळकरी पोर वजाबाकी करून सांगू शकलं असतं.

"ह्या ओळीसाठी मला ह्यांनी शेडमधून हाकललं होतं," ते सर्वेअरना म्हणाले. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मग माझ्याकडे वळले. "आता पाटील, साहेब तेच परत विचारतील. खरं सांगायचं. आपल्याला खोट्याची गरज नाही, आपण हप्ता भरलाय."

सर्वेअरनी परत विचारलं. मी खरं सांगितलं. इतकं साधं वाक्य बोलताना मला घाम फुटला होता. चाचा मागून पुटपुटले, "सेठ, इतना आसान था."

त्यानंतरचे पाच महिने मी चौबळांचं भांडण जवळून बघितलं. कंपनी एक कागद मागे, ते दोन देत. कंपनी लिही, लूम जुने आहेत. ते लिहीत, जुने होते पण चालत होते, सोबत वीजबिलं जोडली आहेत. एका साहेबाने फोनवर आवाज चढवला तेव्हा चौबळ म्हणाले, "आपण सावकाश बोला, मी लिहून घेतोय." पलीकडून आवाज लगेच उतरला. मी शेजारी बसून पेढे खावेत तसा तो संवाद खाल्ला.

क्लेम मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन गल्लीतून सरळ चालत गेलो. गाडी असताना. लोकांनी बघावं म्हणून. मेहताशेठच्या पेढीवर त्यांची रक्कम पोचती केली तेव्हा शेठ गादीवरून उठले. त्यांना उठताना मी पहिल्यांदा बघत होतो. ते इतके बुटके असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पुढचं सूत माझ्याकडे पाठवायला सांगितलं. नवे लूम बसले, इस्माईलचाचांनी 'बिस्मिल्ला' म्हणून पट्टा चढवला, बायकोने नारळ फोडला आणि बाराच्या बारा लूमचा खडखडाट सुरू झाला, तेव्हा मला माझा शब्द पुन्हा वापरावासा वाटला: कारखानदार. बाळाराम गर्दीतून वाट काढत आला. मला वाटलं अभिनंदन करणार. म्हणाला, "समजासाहेबांचा नंबर दे." त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या नऊ शेडच्या पॉलिसींत ती ओळ आली.

पेढ्यांचा पुडा आणि एक जाड पाकीट घेऊन मी निजामपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. एक खुर्ची, एक ताट, एक कप. बाकी सगळ्या फायली. पेढा त्यांनी घेतला. पाकीट परत माझ्या खिशात घातलं.

"ब्रोकरेज मला पॉलिसी काढली तेव्हाच मिळालं. क्लेमचं वेगळं काही नसतं. आणि तुमच्याकडून घेतलं, तर मग मी कोणाचा ते मलाच कळणार नाही."

"मग पाच महिने ह्या खेपा कशाला घातल्यात?"

त्यांनी कपाटातून नाडीची एक जुनी फाईल काढली. सगळ्यात वर एक पिवळा पडलेला कागद, इंग्रजीत टाइप केलेला.

"मी आधी विमा कंपनीत होतो. क्लेम खात्यात. ह्याच गल्लीत एकाचे आठ लूम होते, ते जळाले. माल शेठचा. पॉलिसीत ओळ नव्हती. मी नकाराचं पत्र लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं होतं. साहेबांनी ते अख्ख्या खात्याला वाचून दाखवलं, पत्र असं लिहावं म्हणून." त्यांनी कागद सरळ केला. "तो ते पत्र घेऊन ऑफिसात आला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. नेमका माझ्याच टेबलापाशी आला आणि म्हणाला, साहब, पढ़ के बताओ, क्या लिखा है."

"मग?"

"वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं त्याने. शुक्रिया म्हणाला आणि गेला."

खालच्या गल्लीत मोबाइलचं दुकान होतं, त्याच्या पाटीचा निळा उजेड खिडकीतून आत येत होता. चौबळांनी तिकडे बोट केलं. "तिथे त्याची शेड होती. कोणी म्हणतं मालेगावला गेला, कोणी म्हणतं इचलकरंजीला. मी दोन्हीकडे जाऊन आलो. मग हीच खोली घेतली. कधी परत आलाच, तर ह्याच गल्लीतून जाईल."

त्यांनी माझ्या मंजुरीपत्राची झेरॉक्स मागून घेतली आणि फाईलमध्ये त्या पिवळ्या कागदाच्या मागे लावली. मागे आणखी पुष्कळ मंजुरीपत्रं होती.

"अजून किती लागतील?" मी विचारलं.

"ते त्यालाच विचारायला पाहिजे," ते नाडी बांधत म्हणाले. मग एकदम घाईघाईने उठले, जणू पाहुण्याला इतका वेळ नुसतं बसवून ठेवलं हे आत्ताच ध्यानात आलं. "चहा टाकतो. घरात दूध नाहीये पाटील, पण तुम्ही थांबत असाल तर घेऊन येतो."

मी बायकोला फोन लावला आणि सांगितलं, समजासाहेबांकडे आहे, माझी जेवायला वाट बघू नकोस. ती पलीकडून म्हणाली, "त्यांना हितंच घेऊन या. भाकऱ्या टाकते."